मंगलाची घंटा

मंगलाने गणिताचा पेपर तिसऱ्यांदा कोरा दिला. वर नाव, रोल नंबर, खाली काही नाही. नववीत ती वर्गात दुसरी आली होती.

नव्वदच्या दशकात, गुजराती मुलखात, कतारगामातल्या एका मराठी शाळेत मी गणित शिकवायचो. दहा दिवसांचं ट्रेनिंग केलं आणि शाळेचा कौन्सेलर झालो. कौन्सेलर म्हणजे मुलांचं ऐकून घेणारा. मी मात्र बोलायचोच जास्त. डिप्रेशनला स्टाफरूममध्ये तेव्हा ‘नाटकं’ म्हणत.

मी तिला टाइमटेबल आखून दिलं, बाक बदलला, शेजारची मैत्रीणही बदलली. ती प्रत्येक वेळी “हो सर” म्हणाली. मग शाळेत यायचीच थांबली.

वडील धुळ्याकडचे, कापडाच्या लूमवर कामाला. ते भेटायला आले. “सर, पोर घरमा बी बोलत नही. तिले गावले धाडी देस. बोर्डाचा फॉर्म नका भरू.”

फॉर्मला चार दिवस उरले होते. शिपाई जशुभाई दारात उभे होते. म्हणाले, “साहेब, घंट लई लीधो त्यारथी छोकरी चूप छे.” म्हणजे घंटा काढून घेतली तेव्हापासून पोरगी गप्प आहे.

आठवीपासून तासाची घंटा मंगला वाजवायची. आमच्या ऑफिसबाहेरची ती पितळी तबकडी, तिचा तो मोजून दिलेला टोल अजून माझ्या कानात आहे. दहावीच्या पहिल्याच दिवशी मी ते काम काढून घेतलं होतं. अभ्यास व्हावा म्हणून.

मी जशुभाईंना हसलो. ते मला न विचारता तिच्या घरी गेले. “बेटा, माझा खांदा दुखतो, घंटा तू वाजव,” असं चक्क खोटं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाचा टोल ऐकून मी बाहेर आलो. मंगला!

“तुला कोणी सांगितलं?”

“मीच ठरवलं, सर. घरी पप्पांची पाळी बदलली की माझं सगळं बदलतं. इथं मी टोल दिला की सगळ्या शाळेचं बदलतं.”

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी वडील आले. “ती म्हनस भरा, तं भरा.”

मंगला पास झाली. हेडमास्तरांनी विचारलं, “काय केलंत?”

“टाइमटेबल दिलं, सर.”

अहवालात तेच गेलं. माझा सत्कार झाला. जशुभाईंनी खुर्च्या मांडल्या.

ते आता नाहीत. मी अहवालातलं ते वाक्य त्यांच्या हयातीत दुरुस्त करायला हवं होतं. आता एवढंच सांगतो: मुलाला काही द्यायला जाण्याआधी, आपण त्याच्याकडून काय काढून घेतलंय ते बघावं. हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं.