आजारी नसलेल्यांची डॉक्टर

“सकाळी उठल्यापासून सांगा.”

एवढं म्हणून मॅडम पेनाचं टोपण काढायच्या आणि समोरच्या माणसाकडे अशा बघायच्या, की आता त्याच्या तोंडून एखादी मोठी गंमत बाहेर पडणार आहे. समोर कोणीही असो. सिन्नरच्या कारखान्यातला वॉचमन, द्राक्षं पॅक करणारी बाई, नाहीतर आमचा रिक्षावाला. माणूस बिचारा गोंधळायचा. कॅन्सरच्या सर्व्हेला आलेली बाई, आणि विचारतेय काय, तर उठल्यावर आधी चूळ भरली की आधी चहा घेतला!

पिंपळगावला एका बाईने उठल्यापासून जे सुरू केलं, ते ती सासूपर्यंत पोचली आणि सासूवरून धाकट्या जावेवर घसरली. मी घड्याळ बघत होते, मॅडम लिहीत होत्या. परत येताना मी म्हटलं, “मॅडम, यात कॅन्सर कुठे आला?”

“चुलीचा धूर आला, जावेची तपकीर आली. आणि त्या घरात कोण कोणाचं ऐकतं तेही कळलं. ते फार उपयोगाचं असतं.”

कॅन्सर कोणाला होतो, का होतो आणि होण्याआधी काय करता येईल, हे शोधणं हा मॅडमचा व्यवसाय. गंगापूर रोडला एका चष्म्याच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. पाटीवर ‘डॉ.’ बघून माणसं जिना चढून वर यायची आणि सर्दीवर काहीतरी लिहून द्या म्हणायची. मॅडम सांगायच्या, “मी आजारी नसलेल्यांची डॉक्टर आहे. बरे झालात की या.” एक आजोबा आठ दिवसांनी खरोखरच बरे होऊन आले. मॅडमना एवढा आनंद झाला, की त्यांनी आजोबांना दीड तास बसवून फॉर्म भरून घेतला.

मी तेव्हा डी.एड. करून घरी बसले होते. मॅडमनी मला घरोघरी जाऊन फॉर्म भरायला ठेवलं. माझं अक्षर सुरेख आणि चालणं झपाट्याचं. दिवसाकाठी सगळ्यांत जास्त घरं माझी व्हायची. याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे.

आता खरं सांगायचं, तर ‘उठल्यापासून सांगा’ हे मॅडमचं मुळातलं वाक्य नव्हे. ते माझ्या चुकीतून आलं. पहिली दोन वर्षं आमचा फॉर्म सरळसोट होता. तंबाखू खाता का? हो किंवा नाही. बायका ‘नाही’ म्हणायच्या, मी खूण करायचे आणि पुढच्या घरी निघायचे.

एकदा मॅडम म्हणाल्या, “तुझ्या गावी एकदा नुसतं भेटायला येते.” गाव सिन्नरजवळच. नंतर बायका कांद्याच्या कामाला जातात, म्हणून आम्ही सकाळी सातलाच पोचलो. आई ओट्यावर बसून काळं बोट दातांवर फिरवत होती.

“मावशी, हे काय लावताय?”

“मिश्री.” आईने बाजूला थुंकून डबी पुढे केली. “घ्या, लावून बघा. दात लय मजबूत राहतात.”

मिश्री म्हणजे तव्यावर काळीठिक्कर जाळून कुटलेली तंबाखू. आमच्याकडे तिच्यासाठी वेगळा तवा असतो, त्यावर भाकरी करत नाहीत.

“दिवसातून किती वेळा लावता?”

“सकाळी लावते. मग जेवल्यावर. दुपारी डोकं धरलं की जराशी. अन् झोपताना तर पाहिजेच, नाय तर डोळाच लागत नाय.”

“आणि तंबाखू?”

आई दुखावलीच. “नाय बाई! मी नाय तंबाखू खाणाऱ्यातली. इचारा माझ्या पोरीला.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आईच्या फॉर्मवर तंबाखूपुढे ‘नाही’ मीच लिहिलं होतं, तेही सुरेख अक्षरात. त्या तव्याच्या धुराने ठसकत मी लहानाची मोठी झाले, पण ही तंबाखू आहे असं मला कधी वाटलंच नाही. दात घासणं म्हणजे दात घासणं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मॅडमनी पर्समधून छोटा टॉर्च काढला. “मावशी, जरा आ करा.” डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. कापसाने पुसला तरी जात नव्हता. मॅडम हसून आईशी कांद्याच्या भावाचं बोलत राहिल्या, पण टॉर्च त्यांनी बराच वेळ खाली घेतला नाही. दोन वर्षं मी कॅन्सरचं काम करत होते, आणि माझ्या आईच्या तोंडात मी कधी डोकावले नव्हते.

परतताना मी रडले. म्हटलं, “मॅडम, मला काढून टाका.”

“प्रश्न कोणी लिहिला होता?” मॅडम म्हणाल्या. “मी. आणि तेही नाशकात टेबलावर बसून. काढायचं तर मला काढायला हवं.” मग त्यांनी, आमचा अहवाल जिथे जायचा होता त्या मुंबईच्या मोठ्या संस्थेला फोन लावून सांगितलं, की आमची दोन वर्षांची माहिती धरू नका, आम्ही पहिल्यापासून सगळं पुन्हा करतो. त्याच अहवालावर त्यांची तिथली नेमणूक अडून होती. हे मला फार पुढे कळलं, आणि तेही दुसऱ्यांकडून.

आईला नाशिकला आणून चट्ट्याचा तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता. पण मिश्री सुटली नाही, तर पुढचं कोणी सांगू शकत नाही, असं तपासणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आता सगळं त्या एका डबीवर आलं. मी डबी फेकली, तर दुसरी उडदाच्या डाळीत निघाली. ती फेकली, तर तिसरी देव्हाऱ्यामागे. मी भांडले, रडले, अबोला धरला. आई म्हणायची, “पोट साफ होत नाय तिच्याबिगर. तुला काय कळतं?”

मॅडम दर महिन्याला टॉर्च घेऊन यायच्या. कधी रागावल्या नाहीत. एकदा आईनेच त्यांना विचारलं, “बाई, तुमाला कशाची सवय हाय?”

“चहाची. दिवसाला नऊ कप होतात.”

“मग तुमी चहा सोडा. मी मिश्री सोडते.”

मला वाटलं, मॅडम हसून सोडून देतील. त्यांनी त्याच क्षणी हातातला कप खाली ठेवला.

पुढचे पंधरा दिवस ऑफिसात आमचे काय हाल झाले म्हणून सांगू! मॅडम फायलींवर खेकसायच्या, पंख्यावर खेकसायच्या. दुपारी तीनला डोकं धरून आईला फोन लावायच्या. “मावशी, डोकं दुखतंय का?” तिकडून आवाज यायचा, “लय. तुमचं?” “फार.” एवढं बोलून दोघी फोन ठेवायच्या, आणि दोघींना बरं वाटायचं.

आईचा मात्र शिकल्यासवरल्या माणसांवर विश्वास नाही. एक दिवस न कळवता ती एसटीने नाशिकला आली, जिना चढून धापा टाकत तडक मॅडमच्या टेबलाशी गेली आणि तिथला कप उचलून तिने वास घेतला. नुसतं गरम पाणी होतं. आई खुर्चीत बसली. कमरेची डबी काढून टेबलावर ठेवत म्हणाली, “मला वाटलं, तुमी बी मागं लपवत असाल.” ती शेवटची डबी.

चट्टा लगेच गेला नाही. मॅडम दर वेळी त्याचा फोटो काढून आईला मागचा आणि आजचा असे दोन्ही दाखवायच्या. वर्षभरात तो पुसट होत होत दिसेनासा झाला. तोवर आमचे फॉर्मही नव्याने भरून होत आले होते. या वेळी बायका मिश्रीबद्दल भरभरून बोलल्या, कारण त्यांना कोणी तंबाखूचं विचारतच नव्हतं, नुसतं ‘उठल्यापासून सांगा’ म्हणत होतं. अहवाल उशिरा गेला, पण खरा गेला. मुंबईची जागा तोवर दुसऱ्या कोणाला मिळाली होती. मॅडमना त्याचं वाईट वाटलं असणारच. मला ते आजही वाटतं.

गेल्या वर्षी त्या पार पूर्वेकडच्या राज्यात गेल्या. तिथल्या बायका दिवसभर कच्ची सुपारी चघळतात म्हणे. ऑफिस आता मी सांभाळते. त्यांच्याशिवाय ते फार शांत झालंय, आणि ती शांतता मला आवडत नाही.

परवा गावी गेले होते. आई ओट्यावर शेजारणीला सांगत होती, “त्या डॉक्टरीणबाईनं उगंच माझी मिश्री सोडवली. मला काय बी झालं नव्हतं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथूनच मॅडमना फोन लावला. “मॅडम, तुम्ही एवढं केलंत, आणि आमची आई म्हणते, तिला काही झालंच नव्हतं!”

पलीकडे मॅडम हसायला लागल्या. एवढं मोकळं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“अगं, एवढ्यासाठीच तर सगळं केलं,” त्या म्हणाल्या. “पुन्हा सांग ना. तिच्याच शब्दांत सांग.”

मी फोन आईच्या हातात दिला.