अक्काचे राहिलेले दोन पेपर

माझ्या अक्काला स्वयंपाक कधीच आवडला नाही.

आज पहाटे ती गेली. त्र्याण्णव वर्षांची होती.

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर मेसेज येताहेत. सुगरण गेली. अशी पुरणपोळी पुन्हा नाही. नाताळचा तो केक, खाली वाळू घातलेल्या पातेल्यातला, झाकणावर निखारे ठेवून भाजलेला. सगळं खरं आहे. मीही खाल्लाय.

पण तिला ते आवडत नव्हतं. हे माहीत असणारी आता मी एकटीच उरलेय, म्हणून लिहिते. एका बोटाने टाइप करतेय, चुका समजून घ्या.

आम्ही तिसगावजवळच्या एका खेड्यातले. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर. आई तापाने गेली तेव्हा अक्का बारा वर्षांची, मी सहा, आणि दोघे भाऊ अगदीच लहान.

आईला पुरून आलो. संध्याकाळी अक्काने चूल पेटवली.

कुणी तिला सांगितलं नव्हतं. दुसरं कोण होतं?

महायुद्ध संपलं होतं, रेशन संपलं नव्हतं. रेशनला लाल ज्वारी यायची. त्या पिठाला चिकटपणाच नाही. भाकरी थापतानाच तुटायची. अक्का आधी पाणी उकळायची, त्यात पीठ ढवळायची, मग मळायची. हातांना चटके बसायचे. रोज दोन वेळा.

हे सगळं करून ती सातवीत शाळेत पहिली होती.

सातवीची बोर्डाची परीक्षा, तिला फायनल म्हणायचे, ती पाथर्डीला. चार दिवस, चार पेपर. पास झाली की नगरला ट्रेनिंग, मग शिक्षिका. बाबा म्हणाले, "जाशील गं, पण मागं घरात कोण बघणार?"

मी म्हणाले, "मी करीन."

आठ वर्षांची होते मी.

अक्काने आठवडाभर मला शिकवलं. जाताना दारात थांबून म्हणाली, "सुमे, जमंल ना? न्हाईतर आत्ताच सांग."

"जमंल."

नाही जमलं.

पहिल्या दिवशी भाकऱ्यांचे तुकडे झाले. बाबांनी ते कालवणात कुस्करून खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी उकळतं पाणी हातावर सांडलं. फोड आले. धाकटा भुकेने रडत होता, चुलीतून नुसता धूर. मला वाटलं, मी इथेच मरणार.

शेजारचे तुकामामा बैलगाडी जुंपून पाथर्डीला निघाले होते. मी धावत गेले.

"मामा, अक्काला सांगा, धाकट्याला लई ताप आलाय. लगेच ये म्हनावं."

धाकट्याला ताप नव्हता.

बाबा शाळेत होते. त्यांना मी काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का दारात. अर्धी वाट कुणाच्या तरी गाडीतून, अर्धी चालत. गुडघ्यापर्यंत धूळ. आणि धाकटा अंगणात शेळीमागे पळत होता.

तिने त्याच्या कपाळाला हात लावला. मग गळ्याला.

मग माझ्याकडे बघितलं. मी हात मागे लपवले होते. तिने ते ओढून पुढे घेतले, फोड बघितले.

मला वाटलं, आता मारणार.

ती म्हणाली, "पीठ किती ऱ्हायलंय?"

आणि चुलीपुढे बसली.

बाबा शाळेतून आले. "तू कशी आलीस? अजून दोन पेपर आहेत ना?"

भाकरी उलटत ती म्हणाली, "पेपर लई अवघड हुते. जमत न्हाई मला."

माझं नाव तिने घेतलं नाही.

बाबा मास्तर होते. त्यांनी तिच्याकडे प्रश्नपत्रिका मागायला हवी होती. त्यांनी हात धुतले आणि ताटावर बसले. त्यांना सगळं कळलं होतं का, मला आजही सांगता येत नाही. घरात गरम भाकरी होती एवढं खरं.

अक्का पुन्हा परीक्षेला बसली नाही. दोन वर्षांनी लग्न होऊन देवळालीला गेली. भरलं घर, बारा-तेरा माणसं.

फायनल मी झाले. नगरला ट्रेनिंग मी केलं. पस्तीस वर्षं नोकरी केली. सुट्टीत तिच्याकडे जायचे, आयतं जेवायचे.

खरं बोलायला मला साठ वर्षं लागली.

ती चपात्या लाटत होती. मी म्हणाले, "अक्का, त्या वेळी धाकट्याला ताप नव्हता."

"ठाव हाय. हात लावून बघितला हुता ना मी."

"राग नाही आला?"

"आला की. लई वर्सं हुता. सणासुदीला तर जास्तच यायचा." तिने चपाती तव्यावर टाकली. "पर तुझे हात बघितल्यावर काय बोलनार? तू पन एवढीशीच हुतीस."

मी रडायला लागले.

"रडू नको. बस, दोन घास खा," म्हणाली. मी खाल्लं. दुसरं काय करणार होते?

त्याच दिवशी मी विचारलं होतं, "तुला कधी आवडलं का गं हे सगळं?"

"न्हाई," ती म्हणाली. "रोज सकाळी उठलं की पयला इचार, आज काय करू. कटाळा आला मला त्या इचाराचा."

शेवटची काही वर्षं सूनबाई तिला प्रेमाने विचारायच्या, "आई, आज काय करू?" अक्का म्हणायची, "काय बी कर बाई, मला इचारू नको." सगळे हसायचे. मी नाही हसले कधी.

म्हणून एक विनंती. ग्रुपवर तिच्या हाताच्या चवीबद्दल लिहा, जरूर लिहा. पण ती वर्गात पहिली होती, हेही एकदा लिहा.

दफन दुपारी चारला, देवळालीला. माझे गुडघे चालत नाहीत, तरी मी निघालेय.

अक्का, मला माफ कर. तू केलंस, पण मी पुन्हा माफी मागते.

आता झोप. सगळे जेवलेत.

तुझी सुमी.