आईच्या आईच्या आईचा शिपाई

आमच्या ग्रुपला पूर्वज फारसे सापडले नाहीत. किस्से मात्र इतके साठले, की कुणाकडे जेवायला गेलं तर आमटी वाढायच्या आधीच फर्माइश होते, "अंजू, तो नानांचा सांग!" आता नानांचा कुठला सांगू? एक आहे का!

पण सुरुवात मेधापासून करायला हवी. मेधा माझी मैत्रीण, मूळची पुण्याची, आता इंग्लंडात, रीडिंगला एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. तिच्या शेजारच्या डेस्कवर मार्गारेट बसते. एकदा लंचला मार्गारेटनं सांगितलं, की तिची आई, तिची आई, तिची आई असं मागे मागे गेलं की एक शिपाई लागतो. अमेरिकेत स्वातंत्र्यासाठी बंड झालं, ते मोडायला इथून गेलेला.

"मग? जिंकला?" मेधानं विचारलं.

"छे! पण घरी परत आला. म्हणून तर मी आहे!"

मेधाला ते फार लागलं. ट्रेनमधूनच मला फोन. "हरलेल्या शिपायाचा एवढा तोरा! अगं, त्याच सुमाराला आपल्या लोकांनी यांच्या फौजेला घाटावर कोंडलं होतं! आपलाही कुणीतरी असणारच तिथे. शोधायचा. आणि फक्त आयांच्या बाजूनं!"

"वडिलांच्या बाजूनं का नाही?"

"ते सगळं छापून तयार असतं. त्यात काय मजा?"

झालं. रविवारी दुपारी मेधाच्या घरी आम्ही जमायला लागलो. मेधा, मी, कॉव्हेंट्रीचे नाना आणि हॅरोची तारा. नाना मोटारीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. तारा इथेच जन्मलेली, सॉलिसिटर. तिचं इंग्रजी ऐकून जज घाबरतात, मराठी ऐकून आम्ही.

*

पहिला फोन मी नागपूरला मावशीला लावला.

"मावशी, तुझ्या आजीचं नाव काय गं?"

"आक्का."

"ते हाक मारायचं. खरं नाव?"

"आक्काच की!"

"अगं, लग्नाच्या आधीचं?"

"लग्नाच्या आधी ती माझी आजी नव्हती!"

मी फोन ठेवला.

*

मेधानं मग एक्सेलमध्ये तीन कॉलम केले. माहेरचं नाव, सासरचं नाव, हाक मारायचं नाव. तरीही नाना आमच्या सगळ्यांच्या पुढे! महिन्याभरात ते थेट पेशवाईत पोचले. मेधाला संशय आला.

"नाना, ही द्वारका, ही लक्ष्मी आणि ही माई. तिघींचं गाव एक, नवरा एक..."

"हो ना! मलाही नवल वाटलं. आणि तिघीही एकाच दिवशी वारल्या बघ. म्हटलं, प्लेगची साथ असेल!"

नाना पेशवाईतून परत आले.

*

ताराच्या घरी त्यांच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत होता. बिचारीनं तो अक्षर अक्षर लावून वाचला आणि आनंदानं उड्या मारत आली.

"अंजू मावशी, मला एक बाई सापडला! प्रत्येक पिढीत आहे! खूप पॉप्युलर नाव असणार!"

"कुठलं गं?"

"कन्या विवाहित!"

नाना हसता हसता खुर्चीवरून घसरले. मुलांची नावं, शिक्षणं, बदल्या सगळं छापायचं आणि मुलींपुढे एवढंच लिहायचं, हे मी ताराला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे ही सगळी वेगवेगळी बायका होती?"

नंतर कुणी हसलं नाही.

*

शेवटी डीएनए टेस्ट करायची ठरली. नळीत थुंकायचं आणि पोस्टानं पाठवायचं. त्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. नाना चहाशिवाय अर्धा तास राहू शकत नाहीत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तीन वेळा घड्याळ लावलं, तीनही वेळा नाना केटलपाशी!

रिझल्ट आला. नानांचे इंग्लंडमधले सगळ्यात जवळचे नातेवाईक निघाले हॅरोचे गोखले. गणपतीच्या आरतीत माइक कुणी धरायचा यावरून नाना ज्यांच्याशी कित्येक वर्षं बोलत नाहीत, तेच!

"त्या कंपनीला कळव," नाना मेधाला म्हणाले, "माझी थुंकी परत पाठवा म्हणावं!"

संध्याकाळी मला वेगळा फोन. आवाज एकदम खाली. "अंजू, त्या गोखल्याचं काही बरंवाईट झालं, तर मला सुतक येतं का गं?"

*

शिपाई पहिल्यांदा मेधालाच सापडला. तिच्या मामानं स्पीकरवर सांगितलं, "होता ना! घाटावरच्या त्या लढाईत, तोफखान्यात!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. मेधाच्या डोळ्यांत पाणी.

"मामा, तोफ डागायचा?"

"नाही गं. तोफ ओढणाऱ्या बैलांना वैरण घालायचा!"

सोमवारी मेधानं ऑफिसात सांगितलं, "माय अँसेस्टर वॉज हेड ऑफ आर्टिलरी लॉजिस्टिक्स." मार्गारेटनं इकडेतिकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "खरं सांगू? आमच्याला बोट लागली होती. अमेरिका आली, तरी तो खाली उतरलाच नाही."

त्या दिवसापासून दोघी एकत्र जेवतात.

*

आणि आता ताराच्या आजीचा.

एका रविवारी तारा येताना आजीला घेऊन आली. आजी नव्वदीकडे झुकलेल्या. तारानं मला किचनमध्ये गाठलं. "मावशी, माझा आजी आता सगळा विसरते. सकाळी मला नर्स समजली. आज नाही विचारलं, तर मग कधीच नाही."

आम्ही आजींना सोफ्यावर बसवलं. मेधानं लॅपटॉप उघडला. मी जवळ बसून विचारलं, "आजी, तुमच्या आईचं नाव काय हो?"

आजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मग डोळे मिटले आणि मांडीवर हात गोल गोल फिरवायला लागल्या, जातं ओढल्यासारखा.

"माझी आई गंगा, माहेरची ठकू. ठकूची आई सगुणा, माहेरची मथी. मथीची आई राधा, माहेरची चिमी. चिमीची आई..."

आजी एकदाही अडखळल्या नाहीत. माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, कुणाचा आवाज गोड, कुणाचा हात सढळ. मेधाची बोटं धावत होती. नाना चहा विसरले. तारा आजीच्या पायाशी बसून ओठांनी प्रत्येक नाव म्हणत होती.

"...आणि तिची आई भागू, माहेरची तुळशी. तिचा नवरा लढाईवर होता. गोऱ्यांशी लढला, जखमी झाला, चालत घरी आला."

खराखुरा शिपाई! मेधानं विचारलं, "आजी, त्याचं नाव?"

आजींनी डोळे उघडले.

"जावयाचं नाव कोण लक्षात ठेवतंय! चहा टाका कुणीतरी."