वॉरेनची बारा पेरं

फोन वाजला की आधी मी जागच्या जागी थांबतो, मग हात पुढे होतो. ही सवय मला वॉरेनने लावली. त्याच्या घरात फोन वाजला की तो हातातलं काम तसंच टाकून उभा राहायचा, आणि त्याची बायको डॉट रिसीव्हर उचलून कुणा मैत्रिणीशी हसून बोलायला लागेपर्यंत श्वास सोडायचा नाही. पाच आठवड्यांपूर्वी एका रविवारी सकाळी आमच्या सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये फोन वाजला, तेव्हा माझी बायको शैला पोहे परतत होती आणि मुलगी मीनल गालिच्यावर पालथी पडून कार्टून बघत होती. पलीकडे डॉट होती. "वॉरेन गेला," ती म्हणाली. "पहाटे, झोपेत." मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. मग मी तिला एक प्रश्न विचारला, तो मात्र आठवतो...

वॉरेन टिलबी हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. अमेरिकेतही फारसं कुणी ऐकलेलं नाही. चेहरा मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. पेट्रोल भरायला थांबलो की पंपावरचा माणूस काच पुसता पुसता थबकायचा आणि म्हणायचा, "तुम्ही ते हे ना... ते?" वॉरेन मान डोलवायचा, "हो, मी ते हेच." कॅन्ससमधल्या एका खाटकाचा हा मुलगा. शाळा अर्धवट टाकून पळाला, सैन्यात गेला, परत आल्यावर न्यू यॉर्कला नाटकांचे पडदे ओढता ओढता रंगमंचावर चढला. तेव्हा टीव्हीवरची नाटकंसुद्धा थेट दाखवायचे, चुकलं की देशासमोर चुकलं. वॉरेन कधी चुकला नाही, हा त्याचा अभिमान. पुढे हॉलिवूडला आला आणि घोडे-पिस्तुलांच्या सिनेमांत मरायला लागला. मरणं हेच त्याचं काम. "छपरावरून मेलो, घोड्यावरून मेलो, जिन्यावरून गडगडत मेलो," तो सांगायचा, "अंथरुणात मरायचं काम मला कुणी दिलं नाही." केस पिकल्यावर त्याला पहिल्यांदा कायमची नोकरी म्हणावी असं काम मिळालं. रोज दुपारी बायाबापड्या बघतात तसल्या एका मालिकेत तो वयस्क डॉक्टर झाला.

ऐंशी-एक्याऐंशीचा सुमार असेल. मी नुकताच एम.एस. करून लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकमध्ये विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी भेटेल त्याला सांगायचो, अजूनही सांगतो, त्यात लाजण्यासारखं काय आहे? वॉरेन आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. पहिल्याच भेटीत त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "मीही आमच्या घराण्यातला पहिलाच. शाळेतून पळालेला." त्या दिवसापासून मी त्याचा 'कॉलेज' झालो. "काय कॉलेज, आज किती विमानं पाडलीस?" असं तो जिन्यातून ओरडून विचारायचा.

शैला मात्र त्याला शेवटपर्यंत डॉक्टरसाहेब म्हणाली, आणि त्याला कारण आहे. ती सिन्नरहून आली तेव्हा मीनल दीड वर्षाची होती. शेजारपाजारचे लोक वॉरेनला गमतीने 'डॉक' म्हणायचे, हे तिने ऐकलं होतं. त्यातून एकदा रेकॉर्डिंगहून परतताना तो अंगातला पांढरा कोट काढायला विसरला होता, तोही तिने पाहिला. मी ऑफिसात असताना मीनलला ताप चढला. शैलाने पोरीला उचललं आणि थेट खाली जाऊन त्याचं दार वाजवलं. वॉरेनने ना हसू दाखवलं ना गोंधळ. मीनलच्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि शैलाला कळेल अशा सावकाश इंग्रजीत म्हणाला, "हिला खऱ्या डॉक्टरकडे नेऊ या. मी सोबत येतो." स्वतः गाडी चालवत घेऊन गेला, तपासून होईपर्यंत बाहेर बसून राहिला. संध्याकाळी खरा प्रकार कळल्यावर शैलाने तोंडावर पदर घेतला. पण ती अजून म्हणते, निम्मा ताप त्या हातानेच उतरला होता.

मग डॉट आजारी पडली. आजार साधा नव्हता. शस्त्रक्रिया झाली, पुढे कित्येक महिन्यांची औषधं ठरली. तोवर रोज संध्याकाळी वॉरेनचे संवाद पाठ करून घेणं हे तिचं काम होतं. आता ते माझ्याकडे आलं. मी ऑफिसातून यायचो, चहा व्हायचा आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर समोरच्या पात्राची वाक्यं मी वाचायचो. मला अभिनय येत नाही. नर्स असो, प्रेयसी असो, खुनी असो, मी सगळे हवामानाच्या बातम्यांसारखे वाचायचो. वॉरेनला तेच आवडायचं. म्हणायचा, तुझ्याकडून मला काहीच मिळत नाही, त्यामुळे सगळं मलाच आणावं लागतं.

एका संध्याकाळी तो मधेच थांबला. मला वाटलं, पाणी हवंय. मी वर पाहिलं आणि हातातले कागद खाली ठेवले. आमच्याकडे विहिरीत पोहरा सोडताना दोर हातातून सुटला की माणूस आत वाकून बघतो ना, तसा तो बघत होता. समोर मी होतो, पण मी त्याला दिसत नव्हतो. थोड्या वेळाने भानावर आला, हसला, आणि उठून आधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आत डॉट झोपली होती. मग खालच्या आवाजात त्याने मला सांगितलं. हे काही महिने चाललं होतं. मालिकेतले बाकीचे नट सरळ वाक्यं लिहून ठेवायचे, कुणी कपाच्या आत, कुणी टेबलाच्या खणात. वॉरेनला त्याची आयुष्यभर लाज वाटली होती. आता त्यानेही पेशंटच्या कागदांवर लिहायला सुरुवात केली होती. पण आदल्या आठवड्यात कागदावर आधीच्याच भागातली वाक्यं राहिली होती, आणि एका बाळंतिणीला त्याने अगदी गंभीरपणे सांगितलं की, तुमची किडनी आता काम करत नाही. समोरची मुलगी हुशार, तिने सावरून घेतलं. सगळे हसले. "मीही हसलो," वॉरेन म्हणाला. "कॉलेज, वाक्य चुकीचं आहे हे मला ते हसेपर्यंत कळलं नव्हतं."

आणि त्याची भीती नुसती नाव जाण्याची नव्हती. डॉटची औषधं कलावंतांच्या युनियनच्या विम्यावर चालली होती, आणि विमा त्याच्या कामावर. तिची औषधं संपण्याआधी त्याला काढलं असतं तर ती मधेच बंद पडली असती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते आम्हा दोघांनाच. त्यामुळे त्या घरातला फोन मलाही ऐकवेनासा झाला.

मी इंजिनिअर माणूस. मेंदूचं मला काय कळतंय? पण पाठांतर कळत होतं. लहानपणी आई विड्या वळायची आणि मी शेजारी बसून पाढे म्हणायचो, मधेच अडखळायचो. तिने मला बोटांच्या पेरांवर धरायला शिकवलं. करंगळीच्या मुळापासून सुरुवात, अंगठा एकेका पेरावर टेकवत वर जायचं, एका बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा. डोकं विसरलं तरी अंगठा पुढे सरकतो आणि शब्द त्याच्या मागे येतात. मी वॉरेनला हे करून दाखवलं. तो म्हणाला, अमेरिकन माणूस बोटं मोजतो, तुम्ही लोक बोटाचेही तुकडे करता का? पण दुसऱ्या दिवशी प्रत्येक पेरावर त्याने एकेक वाक्य बसवलं आणि सबंध प्रवेश न अडखळता म्हटला. डॉट बाहेर येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, आज कसा जुना वॉरेन ऐकू येतोय.

त्या हिवाळ्यात मालिकेतल्या डॉक्टरला एक लकब जडली. बोलता बोलता त्याचा अंगठा बोटांवरून सरकायचा. दिग्दर्शकाने आधी हटकलं, मग त्याला आवडायला लागलं. प्रेक्षकांची पत्रं आली, की डॉक्टर पेशंटसाठी मनातल्या मनात प्रार्थना करतात ते फार बरं वाटतं. शैला दुपारी मालिका बघायची आणि संध्याकाळी मला सांगायची, "आज अंगठा फार सावकाश चालला होता हो." ते ऐकलं की मी तसाच पुन्हा खाली जायचो.

मग एकदा त्याने मला रेकॉर्डिंगला यायची गळ घातली. प्रवेश अवघड होता. डॉक्टरने बाहेर येऊन एका बाईला सांगायचं, की तुमचा नवरा गेला. आदल्या संध्याकाळी आम्ही तो इतक्या वेळा म्हटला होता की माझेही ओठ हलत होते. मी रजा काढून गेलो. आत दिवे डोळे दिपवणारे आणि हवा फ्रीजमधल्यासारखी गार. मला केबलांच्या भेंडोळ्यांमागे उभं केलं आणि खोकू नका म्हणून बजावलं. रोज एक अख्खा भाग उरकायचा, त्यामुळे टेप सहसा थांबवत नसत. लाल दिवा लागला. वॉरेन दारातून बाहेर आला. अंगठा करंगळीवर... तीन पेरं पार पडली. अनामिकेचं पहिलं पेर पार पडलं. दुसऱ्या पेरावर अंगठा टेकला आणि तिथेच राहिला.

वाक्य साधं होतं. "शेवटी ते घाबरले नव्हते." आणि पुढच्या पेरावर, "मी जवळ होतो." मला येत होतं. तिथे उभ्या असलेल्या माणसांत ते कदाचित मलाच सगळ्यात चांगलं येत होतं, आणि मी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. मी माझा हात छातीशी धरला आणि अंगठा पुढच्या पेरावर नेला, पुन्हा नेला, पुन्हा नेला. त्याने माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळे माझ्या दिशेला वळले; आत कुणी नव्हतं. कॅमेऱ्यामागची एक मुलगी हातातले कागद उलटायला लागली. मला स्वयंपाकघरातलं बंद दार दिसायला लागलं आणि आत झोपलेली डॉट. मग वॉरेनचा हात सावकाश वर आला. समोरच्या नटीच्या कपाळावर त्याने तो ठेवला, शैलाने दार वाजवलं त्या दिवशी मीनलच्या कपाळावर ठेवला होता तसाच, बराच वेळ. ती नटी खरंच रडायला लागली. वॉरेन वळला आणि दारातून आत निघून गेला.

लाल दिवा विझला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक काचेमागच्या खोलीतून धावत खाली आला. म्हणाला, शब्द गाळून टाकायची हिंमत फार थोड्या नटांत असते. सगळे वॉरेनची पाठ थोपटत होते. तो हसून मान डोलवत माझ्यापर्यंत आला आणि माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे किती तरी दिवस तिथे बोटं उमटलेली होती.

"काय होतं तिथे?" त्याने विचारलं.

मी दोन्ही वाक्यं सांगितली. तो ऐकत राहिला.

"छान आहेत," तो म्हणाला. "पण कॉलेज, ही मी कधी वाचलेलीच नाहीत."

तिथे इतकी माणसं होती, इतका उजेड होता, आणि मला विहिरीत ढकलून दिल्यासारखं वाटलं. विसरलो म्हणाला असता तर मी धीर दिला असता. हे तर त्याच्यासाठी कधी घडलंच नव्हतं.

तरीही त्याने रेटलं. आम्ही वाक्यं तोडून लहान केली. लेखकांना तो सांगायला लागला, की डॉक्टर आता वयस्क झालाय, कमी बोलू दे. त्यांनाही ते पटलं. टाळ्यांमुळे त्याला मुदत मिळाली, एवढं मी म्हणेन. वसंतात डॉटची औषधं पूर्ण झाली, रिपोर्ट चांगले आले. त्याच आठवड्यात वॉरेन स्वतः निर्मात्यांकडे गेला आणि मोकळा झाला. मालिकेत पात्राचं काय करायचं असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाला, बाकी काही करा, या वेळी मला मारू नका. त्यांनी डॉक्टरला परदेशात दवाखाना काढायला धाडून दिलं. शैला म्हणाली, आपल्या सिन्नरलाच पाठवलं असणार.

पुढे माझी नोकरी सनीव्हेलला आली. वर्षातून एकदा-दोनदा आम्ही गाडी काढून खाली लॉस एंजेलिसला जायचो. दरवेळी तो थोडा कमी असायचा. डॉटला सांभाळवेना तेव्हा म्हाताऱ्या कलावंतांसाठी असलेल्या एका आश्रमात त्याला ठेवलं. ती रोज तिथे जाऊन बसायची. गेल्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा त्याने मला ओळखलं नाही. खुर्चीत बसून होता आणि उजवा अंगठा चालू होता, करंगळीपासून तर्जनीपर्यंत, पुन्हा करंगळी. कुठलं वाक्य कुठल्या पेरावर होतं, कुणास ठाऊक. त्याच्या डोळ्यांत मात्र तीच विहिरीत वाकून बघण्याची भीती होती, आणि आता ती जागची हलत नव्हती. मीनल जवळ गेली. ती आता शाळेत जाते, मराठीत विचारलं तर उत्तर इंग्रजीत देते, पण त्याला काकाच म्हणते. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि काळजीने म्हणाला, "हिला खऱ्या डॉक्टरकडे न्या." मीनल म्हणाली, "आय अ‍ॅम फाइन, वॉरेनकाका." शैला उठून बाहेर गेली.

अंथरुणात मरायचं काम त्याला अखेर मिळालं. त्या रविवारी फोनवर मी डॉटला जे विचारलं ते हेच, की शेवटी तो घाबरला होता का? विचारल्यावर मीच चपापलो. पण मी सरळ बोलणारा माणूस आहे, आणि मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं. पलीकडे डॉटने रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतल्याचा आवाज आला.

"मी जवळ होते," ती म्हणाली. "त्याचा हात मी धरून ठेवला होता."

हल्ली ऑफिसात मीटिंग चालू असताना, गाडी सिग्नलला उभी असताना माझा अंगठा आपोआप करंगळीच्या मुळाशी जातो. एखादं नाव चटकन आठवलं नाही की जास्तच जातो. करंगळीची तीन पेरं होतात, अनामिकेचं पहिलं होतं. सगळ्यात वरच्या पेराचं वाक्य, जवळ असण्याचं, डॉटने मला दिलंय. त्याच्या खालच्या पेरावर अंगठा येतो आणि तिथे मी थांबतो...