सासूबाईंनी फोडलेला संप

आमच्या घरात दोन शिक्षिका. सासूबाई आंबीच्या पलीकडल्या एका वाडीतल्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, आणि मी त्याच शाळेत अजून खडू झिजवते आहे. त्यांना जुनी पेन्शन आहे. दर महिन्याला ठरलेली, महागाईबरोबर वाढणारी, मरेपर्यंत. मी नोकरीला लागले तोवर हे आपल्याला झेपणारं नाही असं सरकारच्या लक्षात आलं होतं. त्यामुळे मला नवी योजना मिळाली: पगारातून कापायचं, बाजारात गुंतवायचं आणि म्हातारपणी जे हाती येईल त्याला पेन्शन म्हणायचं. एकाच छपराखाली एकीचं म्हातारपण सरकारी आणि दुसरीचं रामभरोसे.

सासूबाईंना सरकारी तिजोरीची फार काळजी. आपली पेन्शन तिथून येते, तेव्हा ती राखणं आपलं काम, असं त्यांनी ठरवूनच टाकलं आहे. वडगावच्या कचेरीत गेल्या की रिकाम्या खोल्यांतले पंखे बंद करत फिरतात. एकदा खोली रिकामी नव्हती. टेबलावर डोकं टेकून झोपलेला कारकून घामाघूम होऊन उठला आणि वीज गेली म्हणून बोंबलत बाहेर आला.

जुन्या पेन्शनसाठी आमच्या संघटनेनं संप पुकारला, तेव्हा घरात उभी फूट पडली.

"सगळ्यांना दिली तर तिजोरी पुरेल का?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला पुरली ना, आई?"

"मला यापुढेही पुरावी म्हणूनच विचारतेय!"

त्यांचं हे असं, पोटात तेच ओठात. नवरा कारखान्यात कामाला, त्याला तसली पेन्शन नाहीच. तो भाकरी मोडत राहिला.

आम्ही वडगावात मांडव टाकून बसलो. मी घोषणा देऊन घसा बसवून घेतला. हौसेनं नव्हे. साठीनंतर औषधाच्या गोळीसाठी लेकाकडे हात पसरायचा, या विचारानं मला खरोखर भीती वाटते. तिसऱ्या दिवशी संघटनेचे पुढारी माझ्यापाशी आले. चेहरा पडलेला.

"बाई, तालुक्यात एकच शाळा चालू आहे. तुमची."

"शक्यच नाही. मी तर इथं बसलेय."

"तुमच्या सासूबाई शिकवतायत."

अख्खा मांडव हसला. मी तडक स्कूटर काढली.

शाळेच्या फाटकात शाळा समितीचे अध्यक्ष उभे होते. हे गावातलेच शेतकरी, सासूबाईंचे जुने विद्यार्थी.

"मोठ्या बाईंनी चावी मागितली, न्हाई कसं म्हनू? अजून कान पिळत्याल त्या."

"अहो भाऊ, पण आमचा संप आहे!"

"व्हय, ठाव हाय. पर तुमा दोगींचं बगून लय हसू येतं. एकीला हाय, दुसरीला पायजे. आन आमी? आमची पेन्शन म्हंजी गोठ्यातली म्हस. ती बी आटली."

  मी पाय आपटत वर्गाकडे गेले.

फळ्यावर हौद काढलेला होता. तेच जुनं गणित. एका नळानं पाणी येतं, दुसऱ्यानं जातं.

"जाणारं पाणी जास्त आहे," सासूबाई विचारत होत्या, "तर हौद रिकामा होऊ नये म्हणून काय कराल?"

चौथीतली एक मुलगी ताडकन उठली. "बाई, दुसरा नळ बंद करायचा!"

"बंद करायचा!" सगळा वर्ग ओरडला.

सासूबाईंचा हात फळ्यावरच थांबला. हे गणित त्यांनी जन्मभर घातलं होतं, पण त्या दुसऱ्या नळाखाली आपणच उभ्या आहोत, हे बहुधा त्यांना त्या क्षणी दिसलं. त्यांनी वळून दारातल्या माझ्याकडे पाहिलं.

"तो नाही हो बंद करता येत," त्या मुलांना हळू म्हणाल्या. "त्याच्याखाली कुणीतरी घागर लावून बसलेलं असतं."

मग फळा पुसला आणि सुट्टी दिली. भांडायचं म्हणून मी वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं वाया गेली.

परतताना त्या स्कूटरवर माझ्या मागे बसल्या होत्या. "मी आहे तोवर माझी पेन्शन घरातच येतेय की," त्या म्हणाल्या.

"आणि तुम्ही गेल्यावर?"

 इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर त्या म्हणाल्या, "मग जायलाच नको."

संप आश्वासनावर मिटला. सरकारची समिती बसली. सासूबाई मात्र कामाला लागल्या. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्यांनी बटाटेवडा सोडला, रोज सकाळी तळेगावच्या तळ्याकाठी फिरायला लागल्या. वाटेत कुणी "शतायुषी व्हा" म्हटलं, तर "शंभरावर का थांबू?" म्हणून विचारतात. तिजोरीचं नाव काढत नाहीत.

परवा थंडी होती. त्या चप्पल घालत होत्या, तेव्हा मी धावत जाऊन त्यांच्या अंगावर स्वेटर घातला. "जपून जा हं, आई," म्हणाले. लग्न झाल्यापासून हे वाक्य मी रीत म्हणून म्हणत आले होते. परवा ते अगदी मनापासून निघालं. त्यांच्यासाठी की पेन्शनसाठी, ते मात्र मला कुणी विचारू नये.