मच्छरदाणीतली कपिला

देवासला भवानीबाईंच्या अंगणात त्या वर्षी जणू पांढरा ढग उतरला होता. ढग कसला, त्यांच्या लग्नातली मच्छरदाणी, अन् आत कपिला गाय. लंपीच्या गाठी मानेपासून पोटापर्यंत उठलेल्या. कडुनिंबाचा धूर जाळीत अडकून राही, आणि कोवळ्या उन्हात वाटे, गाईचे पाय जमिनीला टेकलेलेच नाहीत.

डॉक्टर बजावून गेले होते, "डास-माशा इकडचं दुखणं तिकडे नेतात, बाई. वासरी लांब ठेवा. लहान जीव, झेपायचं नाही."

म्हणून दोन महिन्यांची चिऊ गल्लीच्या टोकाला, विद्युल्लताकाकूंच्या रिकाम्या गॅरेजात. तिलाही जाळी. सासूबाईंनी शिकवलेलं सोवळं आता खरं कामी आलं. आंघोळ करून, धुवट लुगडं नेसून भवानीबाई आधी चिऊकडे जात, उकळून निववलेलं दूध पाजत, कानापासून शेपटीपर्यंत हात फिरवून गाठ चाचपत. मगच कपिलेकडे. असे सतरा दिवस.

अठराव्या दिवशी वसुबारस. ताटं घेऊन बायका जमल्या.

"गाय-वासराची जोडी हवी हो," काकू म्हणाल्या. "घटकाभर आणा चिऊला. देवाच्या कामात कसली आलीय माशी?"

भवानीबाईंनी जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. शिवाय आज, याच दिवशी, मायलेकरांची ताटातूट! पाप आपल्याच माथी. त्या गॅरेजात गेल्या, दावं सोडलं. जाळी वर करताच एक माशी चिऊच्या कानावर बसली. चिऊनं कान झटकला.

भवानीबाईंनी माशी हाकलली, दावं पुन्हा बांधलं, जाळी सोडली आणि एकट्याच अंगणात परतल्या.

"माशीला तिथी कळत नाही, काकू."

"आई, फिर पूजा कशी करायची?" सूनबाई ईशानीनं विचारलं.

"दोनदा. आधी लेकरू, मग माय."

"वसुबारस हप्त्यानं!" कुणीतरी म्हणालं. हसल्या साऱ्या, पण मागोमाग आल्या.

चिऊला ओवाळलं. भवानीबाईंनी हात फिरवला. कान, मान, पाठ, पोट. सगळं मऊ, गुळगुळीत.

तोच हात घेऊन त्या ढगात शिरल्या. तीन दिवस कपिलेनं घासाला तोंड लावलं नव्हतं. तिनं तळवा हुंगला. मग पुन्हा हुंगला, डोळे मिटून, खूप वेळ. खरखरीत जिभेनं चाटून काढला.

आणि ताटातली बाजरीची भाकरी तोंडात घेतली.