दिलेला की निवडलेला

ईशान, तन्वी, गेल्या महिन्यात वसंत गेल्याचा अकोल्याहून फोन आला, ते मी तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही मला विचारलंत, आजी, भाऊ तुझा, मग त्याचं आडनाव तुझ्या माहेरच्यापेक्षा वेगळं कसं? ‘ही वॉज अडॉप्टेड’ एवढंच सांगून मी फोन ठेवला. ते उत्तर तेव्हापासून मला टोचतं आहे... म्हणून हे लिहिते.

गोदाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, अकोल्याला राहायची. तिला मूल नव्हतं. आमच्या अमरावतीच्या घरात मुलगे दोन, दादा आणि वसंत. धाकटा वसंत तिला दत्तक दिला आणि रीतीप्रमाणे आमची आई त्याची मामी झाली. सुट्टीत आला की तो ‘मामी, पाणी द्या’ म्हणायचा. आई पाणी द्यायची आणि मग बराच वेळ आवरलेलीच भांडी आवरत राहायची.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले, तेव्हा वसंतने एकदा ‘अडॉप्ट’ या क्रियापदाचं मूळ विचारलं. लॅटिनमध्ये ‘ऑप्तारे’ म्हणजे निवडणं. त्यावरून ‘अदॉप्तारे’, आपल्यासाठी निवडून घेणं. फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजीत तेच चालत आलं. ‘ऑप्शन’ही त्याच घरातला. आपला ‘दत्तक’ मात्र संस्कृतातल्या ‘दत्त’वरून आला, म्हणजे दिलेला. तो हसला. “म्हंजे तिकडे घेणाऱ्याकडून पायतात, अन् आपल्याकडे देणाऱ्याकडून. मले देलंच ना, ताई? दादाले काहून नाही देलं? मीच जड झालो होतो काय?”

मला माहीत नव्हतं. आईच्या शेवटच्या आजारात त्याने तिलाच विचारलं. मी उशाशी बसले होते.

“मी दादाले पुढे केलं होतं, बाबू,” आई म्हणाली. “तू गोदाबाईच्या मांडीवर चढून बसला. उतरवलं त उतरेना.”

मला वाटलं, आता तो निवांत होईल. तो उठून अंगणात येरझारा घालू लागला. “म्हंजे मीच गेलो,” म्हणाला, “अन् इतके वर्षं मामीवर रुसून राहिलो.” आत येऊन त्याने आईचे पाय चेपले, पण ‘आई’ काही तोंडातून निघालं नाही. ‘मामी, येतो’ म्हणून निघाला. चार वर्षांच्या पोराच्या हट्टाला निवड म्हणायचं का, यावर आम्ही पुढे कितीदा बोललो... ठरलं नाही. मला अजूनही ठरवता येत नाही.

आता आई नाही, गोदाआत्या नाही, दादा नाही, वसंतही नाही. त्याची मुलगी दर रविवारी मला फोन करते. तिच्या वडिलांची सख्खी बहीण धरा किंवा मामेबहीण, मी तिची आत्या आहे.